नाकाडोंगरीची निळी फाइल

१

शुक्रवारी दुपारी बारा ते साडेबारा या अर्ध्या तासात नाकाडोंगरीच्या सिकलसेल प्रकल्पाच्या खोलीतून एक निळी फाइल नाहीशी झाली.

त्या खोलीत चोरण्यासारखं पुष्कळ होतं. रक्त तपासायचं यंत्र होतं, टेबलावर लॅपटॉप होता, खुर्चीला पर्स लटकत होती आणि पर्समधून मोबाइल डोकावत होता. यातल्या कशालाही कोणी हात लावला नव्हता. गेली ती फक्त फाइल.

फाइल डॉक्टर मनाली रामटेके हिची. मनाली याच गावची, आणि गावातली पहिली एम.डी. सिकलसेल म्हणजे काय, ते तिच्यामुळेच या भागातल्या लोकांना कळलं. आपल्या रक्तातल्या गोल पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हातपाय असे ठणकतात की लहान मूल किंकाळ्या फोडतं. आजार आईबापांकडून येतो. म्हणून मनालीने दोन वर्षं गावोगाव फिरून रक्त तपासलं आणि ज्याला त्याला कार्डं दिली. निरोग्याला पांढरं, रोग्याला लाल, आणि ज्याला स्वतःला त्रास नाही पण मुलांकडे दोष जाऊ शकतो त्याला पिवळं.

फाइल गेल्यावर मनाली पोलिसांकडे गेली नाही. ती सरळ सुलोचनाबाईंच्या अंगणात येऊन उभी राहिली.

सुलोचनाबाईंनी चौतीस वर्षं इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं होतं. वर्गात खडू हरवला तरी त्या कोणाचे खिसे तपासत नसत. चार प्रश्न विचारत आणि खडू परत येई.

"बस. पाणी पी," त्या म्हणाल्या. "आणि मला काहीच कळत नाही असं समजून पहिल्यापासून सांग."

"बाई, मला कॅनडातल्या एका विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालंय. सिकलसेलवरच."

"ते गावाला ठाऊक आहे. फाइलचं सांग."

"बाहेरच्या डॉक्टरला तिथे जायचे दोन रस्ते आहेत. रोगी तपासायचे असतील तर तिथल्या परीक्षा, मग पुन्हा शिकाऊ डॉक्टर, त्यात वर्षं जातात. संशोधक म्हणून गेलं तर नोकरीचं पत्र, शिक्षण, वय, भाषा, अनुभव, या सगळ्यांचे गुण धरतात. गुण पुरले की बोलावणं येतं, की कायमचं राहण्यासाठी अर्ज करा. मला ते आलं."

"नुसता कामाचा व्हिसा चालत नाही का?"

"चालतो, पण मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा विनवण्या."

सुलोचनाबाईंनी समोरच्या धानाच्या बांधीकडे, शेताकडे पाहिलं. "म्हणजे कामाचा व्हिसा हे पऱ्हे, वाफ्यातली कोवळी रोपं. कधीही उपटतील. आणि कायमचं राहणं म्हणजे रोवणी, बांधीत कायमची लावणी."

"अगदी तसंच, बाई. मी सरळ रोवणीचाच अर्ज करतेय. बोलावणं आल्यापासून साठ दिवसांत सगळे कागद एकदम पाठवायचे असतात. सोमवारी साठावा दिवस आहे. अजून एकही कागद संगणकावर चढवलेला नाही, उद्या तुमसरला जाऊन करणार होते."

"आणि सोमवार चुकला तर?"

"बोलावणं रद्द. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस. वय वाढलं की वयाचे गुण कमी होतात. मग पुन्हा बोलावणं येईलच असं नाही."

सुलोचनाबाईंनी वर्गात विचारत तसा प्रश्न केला.

"मनाली, तुला नक्की जायचं आहे ना? की फाइल तूच कुठे ठेवून विसरलीस?"

मनालीचे डोळे भरून आले. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी सगळ्यांवर संशय घेते. तुझ्यापासून सुरुवात केली, म्हणजे बाकीच्यांना वाईट वाटायला नको. आता सांग, त्या अर्ध्या तासात खोलीत कोण कोण होतं?"

२

चौघं होती.

खालच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाचे पाय ठणकत होते म्हणून मनाली बारा वाजता औषध घेऊन धावली होती. तेव्हा तिचा मोठा भाऊ अतुल डबा घेऊन आलेला होता. रक्त तपासायचं यंत्र चालवणारा जीवन आतल्या बाजूला नमुने लावत होता. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर साठवणे भंडाऱ्याहून जीप घेऊन आले होते. आणि गावात आरोग्याचं काम करणारी 'आशा' कार्यकर्ती चंद्रकला नवी कार्डं न्यायला आली होती.

"आणि फाइलमध्ये काय होतं?"

मनालीने बोटांवर मोजलं. पासपोर्ट, पदव्या, नोकरीचं पत्र, पोलिसांचा दाखला, नागपूरच्या वैद्यकीय तपासणीची पावती. मागच्या कप्प्यात तिचं स्वतःचं सिकलसेल कार्ड. आणि प्रकल्पाची नोंदवही.

"नोंदवही कशाला?"

"साठवणे सर अनुभवाचं प्रमाणपत्र देणार आहेत. त्यांचं म्हणणं, तपासणी शिबिरांचे दिवस नोंदवहीशी जुळल्याशिवाय सही नाही. मागे एकाने न झालेली शिबिरं लिहिली होती. म्हणून मी आजच ती कपाटातून काढून फाइलमध्ये बांधली. सगळ्यांसमोरच."

"नक्कल?"

"नाही. त्यात माणसांची नावं आणि तपासणीचे निकाल आहेत. नक्कल काढायची नाही, कोणाला दाखवायची नाही, असा नियम आहे. भंडाऱ्याला नुसते आकडे जातात. एरवी ती कुलपात असते. किल्ली माझ्याकडे आणि जीवनकडे."

सुलोचनाबाई आधी अतुलकडे गेल्या. अतुलचं तुमसरला औषधांचं दुकान होतं आणि दुकानाशेजारची जागा त्याने वर्षभरापासून रिकामी ठेवली होती. बहिणीच्या दवाखान्यासाठी.

"मीच नेली असन, असंच वाटते न तुमाले?" अतुल आधीच तापला होता.

"वाटतं."

"हाव, मले नाई आवडत तिचं जाणं. इथल्या लेकराईले कोण पाहीन? पण बाई, मले लपवाचं असतं तं पासपोर्ट घरीच होता न दोन महिने! आईच्या पेटीत! शुक्रवारपर्यंत काहून थांबलो असतो?"

"थांबलास, कारण तू चौथीतही गृहपाठ शेवटच्या दिवशीच करायचास."

अतुलला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "एक सांगतो. त्या जीवनले विचारा. त्याचा व्हिसा मागच्या साली नामंजूर झाला. तवापासून तो मनालीसंगं धड बोलत नाई."

जीवन यंत्र पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

"खरं आहे, बाई. आखाती देशातल्या हॉस्पिटलात लागलं होतं माझं. एका कागदावर शिक्का राहिला, तं त्याईनं परत धाडलं. मॅडमचं झालं, माझं नाई झालं. जळते थोडं. खोटं कायले बोलू?"

"आणि फाइल?"

"मी आत होतो. बाहेर कोण आलं, कोण गेलं, पाह्यलं नाई." मग तो हळूच म्हणाला, "साठवणे सर तेवढे फोनवर बोलून राहिले होते. म्हणत होते, ती गेली तं प्रकल्प बंद पडन, काहीतरी करा लागन."

सुलोचनाबाईंनी छत्री उचलली. काहीतरी करा लागन. म्हणजे काय?

३

शनिवारी सकाळी मनालीच्या स्कूटरच्या हँडलला एक पिशवी लटकत होती.

रात्री पावसाची भुरभुर झाली होती, पण पिशवीतलं काही भिजलं नव्हतं. निळी फाइल आधी एका प्लास्टिकमध्ये, मग दुसऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून सुतळीने बांधली होती. पासपोर्ट होता. पदव्या होत्या. पत्र, दाखला, पावती, सगळं होतं.

"भेटली न! झालं!" अतुल ओरडला. "चाल तुमसरले!"

मनाली मात्र पायरीवर बसली. "नोंदवही नाही, दादा."

सुलोचनाबाई आल्या तेव्हा त्यांनी फाइल मांडीवर घेतली आणि एकेक कागद उलटला. पासपोर्ट उघडला तर मनालीच्या फोटोच्या पानात एक कार्ड होतं. पिवळं.

"हे इथेच होतं?"

"नाही, मागच्या कप्प्यात," मनाली म्हणाली. "पडलं असेल आणि उचलून ठेवलं असेल."

"असेल," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुझं कार्ड पिवळं आहे हे कोणाला माहीत आहे?"

"घरच्यांना. माझी तपासणी नागपूरला शिकताना झाली. इथे विषयच निघाला नाही."

दुपारी साठवणे सर आले. नोंदवही गेल्याचं ऐकून ते खुर्चीत ताठ झाले.

"मग माझा नाइलाज आहे. नोंदवही नाही, तर सही नाही."

"तुमच्या पथ्यावरच पडलं हे, डॉक्टर," सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. "ती गेली तर प्रकल्प बंद पडेल, काहीतरी करायला हवं, असं फोनवर कोण म्हणत होतं?"

साठवणे सरांचा चेहरा उतरला. "मीच. वरच्या साहेबांशी बोलत होतो. तिच्या जागी माणूस द्या म्हणून. बाई, तुम्ही माझ्यावर..."

"सध्या सगळ्यांवर."

आता चंद्रकला राहिली होती. तिच्याकडे जायचं कारण आयतंच होतं. बुधवारी तिच्या मुलीचं, तृप्तीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, गोबरवाहीच्या मनिषशी. दारात तांदूळ निवडत बसलेल्या चंद्रकलेने बाईंना पाहून चटकन पदर सावरला.

"या न बाई. चाहा मांडतो."

"नको. शुक्रवारचं सांग. तू किती वाजता निघालीस?"

"कार्डं घेतली अन् निंगाली. सव्वाबारा झाले असन. टेबलावर काय होतं, मी नाई पाह्यलं." तिचे हात सुपात चालूच होते. खडे वेचता वेचता ती चांगले तांदूळही बाहेर टाकत होती. "फाइल भेटली म्हणते न वापस?"

"भेटली."

"बरं झालं. पोट्टीचं काम अडाले नोको." मग थोडं थांबून, "बाई, एक इचारू? पिवळ्या कार्डवाल्या माणसाले बी ठेवून घेतेत काय हो तिकडचे लोकं? कायमचं?"

"मला काय माहीत," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

पाराजवळ आल्यावर त्या एकदम थांबल्या. चंद्रकलेच्या घरातून कोणीही परदेशी जात नव्हतं. मग हा प्रश्न तिला सुचला कसा?

४

रविवारी सकाळी सुलोचनाबाईंनी मनालीला अंगणात बसवलं आणि हातात पाटी घेतली. पाटीवर चार नावं होती.

"आपण उत्तर शोधायचं नाही. चुकीची उत्तरं पुसत जायची. मग उरेल ते बरोबर. पहिलं नाव अतुल. त्याला तुला अडवायचं असतं तर त्याने काय ठेवून घेतलं असतं?"

"पासपोर्ट."

"आणि तोच परत आला. प्लास्टिकच्या दोन पदरांत. म्हणजे ज्याने फाइल नेली त्याला तुझं वाईट करायचं नव्हतं. पूस अतुलला."

मनालीने पुसलं.

"साठवणे. त्यांना अडवायचं असेल तर सही न करणं पुरेसं आहे. ज्याच्या हातात किल्ली आहे तो भिंत कशाला फोडेल?"

दुसरं नाव गेलं.

"जीवन जळतो, हे त्याने स्वतः सांगितलं. पण तुला अडवायला त्यानेही पासपोर्टच ठेवून घेतला असता. आणि नोंदवहीच हवी असती तर कपाटाची किल्ली त्याच्याकडेच आहे. चारचौघांत अख्खी फाइल उचलण्याची त्याला गरज काय? फाइल कोणी उचलली? ज्याला नोंदवही एरवी कधीच हाताला लागली नसती. ज्याच्यासमोर ती त्या दिवशी पहिल्यांदा कुलपाबाहेर आली. फाइलमध्ये ती बांधलेली, सोडायला वेळ नाही, म्हणून सगळंच गेलं."

पाटीवर एकच नाव राहिलं. मनाली त्याच्याकडे बघत राहिली.

"चंद्रकला मावशी? बाई, तिने माझ्यासोबत प्रत्येक गाव पायी तुडवलंय. तिला नोंदवही कशाला हवी?"

"फाइल चोरीला गेली म्हणून आपण सगळे तुझ्या व्हिसाचे शत्रू शोधत बसलो. चोराला तुझ्या व्हिसाशी काही देणंघेणंच नव्हतं. त्या वहीत एक नाव आहे आणि त्या नावापुढे निकाल आहे." सुलोचनाबाईंनी पाटी खाली ठेवली. "तुझं पिवळं कार्ड कोणीतरी हातात घेऊन नीट पाहिलं आणि पासपोर्टमध्ये जपून ठेवलं. पिवळ्या कार्डाकडे इतकं कोण बघतं? ज्याच्या घरी पिवळं कार्ड आहे, तो. काल चंद्रकलेने मला विचारलं, पिवळ्या कार्डवाल्याला तिकडे ठेवून घेतात का. आता सांग, तुझं कार्ड पिवळं आहे हे तिला कोणी सांगितलं?"

मनाली उठलीच. "चला."

५

चंद्रकलेने नाकारलं नाही. ती आतल्या खोलीत गेली, धान साठवायच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला आणि नोंदवही वर काढली. वहीला कोंडा चिकटला होता.

"फाडलं का त्यातलं पान?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"नाई बाई. सारे लेकरं हायेत त्याच्यात. कशी फाडू?" ती भिंतीला टेकून खाली बसली. "मीच गोबरवाहीले जाऊन सभेत बोलली होती. पत्रिका मंग पाहा, आधी कार्ड पाहा. तेच सोमाजीनं ध्यानात ठेवलं, मनिषच्या बापानं. म्हणे, पोरीचं कार्ड दाखवा. मी म्हटलं हरपलं. तं म्हणे, डॉक्टरीन बाई गावचीच आहे, गाव सोडता सोडता नकार नाई देणार, वहीत पाहून घेतो सोमवारी."

"मी दाखवलीच नसती, मावशी. नियम आहे."

"तू नसती दाखवली तं तो समजलाच असता न! नाई म्हणते म्हणजे काही तरी हाय!" चंद्रकलेने डोळे पुसले. "बुधवार झाला का वापस ठेवणार होती. तुह्या कागदाईले ते वही लागते हे मले ठाऊक नव्हतं, पोरी. तुह्या गळ्याची आन."

"पण तुला तर माहीत आहे, पिवळं म्हणजे आजार नाही. एक पिवळं आणि एक पांढरं असेल तर लग्नाला काहीच हरकत नाही."

"मले माहीत हाय. शंभर घरी सांगतलं मी. आपल्या घरावर आलं तं तोंड नाई उघडलं."

दाराशी कोणीतरी हललं. तृप्ती उभी होती. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती आत गेली, फळीवरच्या डब्यातून एक पिवळं कार्ड काढलं आणि आईसमोर धरलं.

"हरपलं नाई न हे. चाल, मीच दाखवतो त्याईले. खोट्यानं लगन करून आयुष्यभर डब्बा लपवत बसू काय?"

"अन् त्यानं नाई म्हटलं तं?"

"तं नाई म्हटलं."

मनालीने घड्याळ पाहिलं. तुमसरला जाऊन कागद चढवायला हवे होते. संगणकवाल्याने चार वाजेपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं. तिने नोंदवही झटकून फाइलमध्ये ठेवली.

"गोबरवाही वाटेवरच आहे," ती म्हणाली. "मीही येते."

६

सोमाजींनी पाणी दिलं, खाटा टाकल्या आणि कार्ड उन्हात धरून पाहिलं. मग ते मनिषच्या हातात दिलं. मनिषने आपलं कार्ड शेजारी ठेवलं. त्याचं पांढरं होतं.

"काका, आता भीती नाही," मनाली म्हणाली. "दोघांचंही पिवळं असतं तर मीच थांबा म्हटलं असतं. एकाचं पांढरं असलं की मुलाला हा आजार होत नाही. फार तर मुलाचं कार्ड पिवळं येईल, तृप्तीसारखं."

सोमाजी मानेनेच नाही म्हणाले. "तुमी शिकलेले. पण आमी कास्तकार. बांधीत धान पिवळं पडलं तं आमी रोग समजतो. अन् पिवळं पडलेलं धान बियाण्याले ठेवत नाई."

आता मनालीला कळलं की दोन वर्षं तिच्या हातून काय चुकत होतं. धानाच्या मुलखात तिने निरोगी माणसांच्या हातात पिवळा रंग दिला होता. ज्या रंगाला हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घाबरत आले तोच. कार्ड वाटताना रंगाबद्दल एकानेही तिला विचारलं नव्हतं आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

तिने फाइल उघडली. पासपोर्टमधून स्वतःचं कार्ड काढलं आणि तृप्तीच्या कार्डाशेजारी ठेवलं.

सोमाजी वाकले. "हे कोणाचं?"

"माझं."

चंद्रकला खाली बघत होती.

"तुमी बाहेर देशात जाऊन राहिल्या न?" सोमाजींनी विचारलं. "कायमच्या? मंग त्याईनं रक्त नाई तपासलं?"

"तपासलं. नागपूरला त्यांच्या डॉक्टरने डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. मी स्वतःहून कार्ड दाखवलं. तो म्हणाला, हा आजार नाही, पुढे चला."

"म्हणजे तो अख्खा देश पिवळ्या कार्डाले ठेवून घेते?"

"घेतो."

सोमाजींनी तिन्ही कार्डं पुन्हा पाहिली. मग मनिषकडे पाहिलं. तो तृप्तीकडे पाहत होता, आणि ते लपवायचा त्याने काही प्रयत्न केला नाही.

"मंग गोबरवाही काय कॅनडापेक्षा मोठी झाली?" सोमाजी म्हणाले. "चाहा ठेवा रे कोणी. बुधवारचं बुधवारीच होईन."

उठताना सुलोचनाबाईंनी चंद्रकलेला जवळ ओढलं. "शाळेत तू कधी खडू चोरला नाहीस. आता चोरलास तोही परत केलास. पण शिक्षा आहे. बुधवारी सगळ्या पाहुण्यांसमोर पिवळ्या कार्डाचा धडा तूच घ्यायचा."

"घेतो, बाई."

सोमवारी सकाळी भंडाऱ्याच्या कार्यालयात साठवणे सर शिबिराचे दिवस एकेक करून नोंदवहीशी जुळवत होते. बाकीचे सगळे कागद आदल्या दिवशीच चढले होते, या एका प्रमाणपत्राची जागा तेवढी रिकामी होती. मनाली समोर उभी होती. कार्डाचा रंग बदलावा, असा अर्ज लिहून तिने टेबलावर आधीच ठेवला होता.

सरांनी शेवटचं पान उलटलं तेव्हा वहीतून एक धानाचा दाणा निघाला आणि टेबलावर घरंगळला.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"अनुभव, सर," मनाली म्हणाली. "तोही लिहा."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, दाणा बोटाने बाजूला सारला आणि सही केली.